अक्कल : एका शब्दाचा मागोवा

भोकरच्या बाजारात सौद्यात कोणी फसला की घरचे विचारतात, "अक्कल कुठं गेली होती?" हा शब्द आपल्या तोंडी अरबस्तानातून आला आहे.

उंट भरकटू नये म्हणून त्याच्या गुडघ्याला बांधायची दोरी म्हणजे अरबीतला 'इकाल', आपल्याकडचा पायबंद. त्याच धातूपासून 'अक्ल' झाला : मनाला भरकटू न देणारी शक्ती. कुराणात 'अक्ल' हे नाम येत नाही. या धातूची क्रियापदे मात्र ४९ वेळा येतात.

आठव्या शतकात बसऱ्याला मुअतझिला पंथ उभा राहिला. चांगले-वाईट माणसाला बुद्धीनेही कळते, असे तो सांगे. पुढे ८३३ मध्ये खलीफा मामूनने या पंथाचे 'कुराण अनादी नसून निर्मित आहे' हे मत काझी-पंडितांवर सक्तीने लादले. धर्मपंडित अहमद इब्न हंबल यांनी ते नाकारून तुरुंग सोसला. ही सक्ती अखेर बुद्धिवाद्यांच्याच अंगाशी आली.

तरी अक्कल हद्दपार झाली नाही. समरकंदचे धर्मपंडित मातुरीदी (मृत्यू ९४४) म्हणत, ईश्वर आहे हे बुद्धीने ओळखता येते. भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेतले, तिच्यात मातुरीदींना मोठा मान आहे. धर्मपंडित गझालींनी (मृत्यू ११११) तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली, पण तर्कशास्त्र जवळच ठेवले. त्यांना उत्तर देणारे तत्त्वज्ञ इब्न रुश्द (मृत्यू ११९८) स्वतः काझी होते. विचार करणे ही धर्माचीच आज्ञा आहे, असे त्यांनी मांडले.

तर्क-तत्त्वज्ञानाची ही विद्या दख्खनेतही आली. बिदरला महमूद गावानचा मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला. दख्खनी सुलतानांच्या कारभाराची मुख्य भाषा फारसी. तिच्यातून असे कितीतरी शब्द मराठीत उतरले. तर्कशास्त्रात 'हुज्जत' म्हणजे प्रमाण. आपल्याकडे ते भांडण झाले. 'हिकमत' म्हणजे तत्त्वज्ञान; आपल्याकडे ती युक्ती झाली. अक्कल मात्र आपला अर्थ राखून राहिली आणि अक्कलदाढ, अक्कलहुशारी, अक्कलखाते असा संसारही तिने इथे मांडला. दख्खनेत पुढे आलेले निजामाचे राज्यही १९४८ मध्ये गेले, शब्द राहिला.

म्हणून धर्माच्या नावाने 'अक्कल चालवू नका' म्हणणाऱ्याला कुराणातल्या त्या ४९ क्रियापदांची आठवण करून द्या. आणि इस्लामात अकलेला जागाच नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा, 'अक्कल' हा शब्दही आपण तिथूनच घेतला आहे.