ऐंशी वर्षांचे मौन

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. याच महिन्याच्या ११ तारखेस, १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या. इंग्लंडमध्ये तो राष्ट्रीय स्मरणाचा दिवस. परंतु त्या युद्धातून परतलेल्या एका सैनिकाचा खरा स्मरणदिन मात्र २२ सप्टेंबर हा होता. त्याचे नाव हॅरी पॅच.

बाथ शहराजवळच्या कूम डाउन गावी १७ जून १८९८ रोजी त्याचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. १९१६ साली सक्तीच्या भरतीने त्याला सैन्यात नेले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील पाशेंडेलच्या चिखलात पाच जणांच्या मशीनगन-पथकात तो उभा होता. शक्यतो कोणाचा जीव घ्यायचा नाही, पायांवरच नेम धरायचा, असे त्या पाच जणांनी आपसांत ठरविले होते. संगीन रोखून धावत येणारा जर्मन सैनिक समोर आला, तेव्हा हॅरीला सीनाय पर्वतावरील पाचवी आज्ञा आठवली. त्याने त्याला जखमी केले, मारले नाही. २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री तोफगोळा फुटला आणि त्याचे तीन सोबती क्षणात नाहीसे झाले. तो स्वतः जखमी होऊन मायदेशी परतला.

पुढे त्याने पुन्हा प्लंबिंगचीच हत्यारे हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धात बाथवर बॉम्ब पडले, तेव्हा तो अग्निशामक दलात होता. त्यानंतर सॉमरसेटमधील स्ट्रीट या गावी त्याने प्लंबिंगचा छोटा व्यवसाय चालविला व पासष्टाव्या वर्षी निवृत्ती घेतली. या साऱ्या काळात युद्धाविषयी तो पत्नीजवळही बोलला नाही. १९९८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, बीबीसीच्या माहितीपटासाठी त्याने प्रथम तोंड उघडले.

२००७ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. चर्चवरील आपली श्रद्धा युद्धात मोडून पडली, ती परत मिळावी म्हणून आपण गायकवृंदात सामील झालो, गाण्याचा व सोबतीचा आनंद लाभला, पण श्रद्धा काही परतली नाही, असे तो त्यात सांगतो. पुरोहित या नात्याने ही कबुली मला अस्वस्थ करते. तिला सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र याच माणसाने २००४ साली, १०६ व्या वर्षी, पाशेंडेलला विरुद्ध बाजूने लढलेल्या १०७ वर्षांच्या शार्ल कुएंट्झ यांची बेल्जियममध्ये भेट घेतली. दोघा वृद्धांनी एकमेकांना आपापल्या प्रांतातील खाद्यपेयांची भेट दिली. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची शिकवण आम्ही व्यासपीठावरून किती वेळा सांगतो. ती त्याने आचरून दाखविली.

२५ जुलै २००९ रोजी, १११ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. खंदकांत लढलेल्यांपैकी तो शेवटचा ज्ञात सैनिक. वेल्स कॅथीड्रलमधील अंत्यविधीत, त्याच्या इच्छेनुसार, शोभेपुरतेही शस्त्र नव्हते. शवपेटीसोबत बेल्जियम, फ्रान्स व जर्मनीचे सैनिक चालले.

आपल्या घरातही एखादे आजोबा ओटीवर मुकाट्याने बसलेले असतील. त्यांचे मौन म्हणजे विस्मरण नव्हे. या महिन्यात मृतांसाठी प्रार्थना करताना घटकाभर त्यांच्यापाशीही बसू या. आणि आपल्या प्रार्थनेत, ज्यांना आपण एकेकाळी शत्रू मानले, त्यांच्याही मृतांना जागा देऊ या.