मालखान्यातलं सोनं

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाक्या तुम्ही पाहिल्या असतील. टायर बसलेले, सीट फाटलेली, हँडलला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा आणि त्यावर गुन्ह्याचा नंबर. त्यातली एक कधीकाळी माझी होती. चोरीला गेली आणि तीन आठवड्यांत सापडली. पण कोर्टाचा आदेश आणून ती सोडवून घेईपर्यंत पाच महिने गेले. तेवढ्यात बॅटरी, कार्बोरेटर आणि दोन्ही आरसे नाहीसे झाले. ते चोरानं नेलेले नव्हते, कारण पंचनाम्यात त्यांची नोंद होती. हवालदारांना मी तो पंचनामा दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी मिळाली ना?"

भरपाई मागता येईल का, असं एका वकील मित्राला विचारलं. तो हसला. "आधी कस्तुरीलाल वाच," म्हणाला.

मी वाचला. आरशांचं दुःख कधीच ओसरलं, पण ते निकालपत्र अजून डोक्यातून गेलेलं नाही.

२० सप्टेंबर १९४७. फाळणी होऊन महिना उलटलेला. अमृतसरच्या 'कस्तुरीलाल रलियाराम जैन' ह्या सोन्याचांदीच्या पेढीचे एक भागीदार मध्यरात्रीच्या सुमारास फ्रंटियर मेलनं मेरठला पोचले. माल विकायला आणला होता. चौपला बाजारातून जाताना तीन शिपायांनी त्यांना अडवलं, झडती घेतली आणि कोतवालीत नेलं. १०३ तोळे ६ मासे १ रत्ती सोनं आणि दोन मणांहून जास्त चांदी जप्त झाली. रात्र कोठडीत गेली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, काही काळानं चांदीही परत मिळाली. सोनं मात्र मिळालं नाही. ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात मालखाना होता, तो ते सोनं आणि मालखान्यातला आणखी काही ऐवज घेऊन १७ ऑक्टोबरला पाकिस्तानात पळून गेला होता.

पेढीनं सरकारवर दावा लावला: सोनं द्या, नाहीतर त्याची किंमत ११,०७५ रुपये १० आणे द्या. म्हणजे तोळ्याला साधारण १०७ रुपये. आजचा भाव मनात आणू नका. खालच्या कोर्टात पेढी जिंकली, अलाहाबाद उच्च न्यायालयात हरली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथला निकाल लागला २९ सप्टेंबर १९६४ ला, म्हणजे सतरा वर्षांनी.

पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं आणि निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घरातले, कामगारांच्या बाजूनं विचार करणारे न्यायाधीश म्हणून नावाजलेले. पोलिसांनी हलगर्जीपणा केला का? केला, असं न्यायालयानं स्वच्छ म्हटलं. एवढं मौल्यवान सोनं नियमाप्रमाणे सरकारी तिजोरीत ठेवायचं, ते मालखान्यात ठेवलं गेलं. मग सरकारनं पैसे द्यायचे का? नाही! अटक, झडती, जप्ती हे राज्याचे सार्वभौम अधिकार. ते वापरताना नोकरानं चूक केली तर मालक जबाबदार नाही, आणि इथं मालक म्हणजे सरकार.

हे तत्त्व आलं कुठून, ते पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. आपल्या संविधानाचं कलम ३०० सांगतं की सरकारवर कोणत्या बाबतीत दावा लावता येईल. पण ते स्वतः काही ठरवत नाही, मागच्या कायद्याकडे बोट दाखवतं. तो कायदा त्याच्या मागच्या कायद्याकडे, आणि असं करत करत आपण १८५८ मध्ये, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात पोचतो. कंपनीवर जो दावा चालला असता, तोच प्रजासत्ताकावर चालणार. कंपनीवर कोणता चालला असता? ह्याचं उत्तर कलकत्त्यातल्या एका घोड्यानं दिलं. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजूर लोखंडाचा जड तुकडा नेत होते, तो पडला, एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजून जखमी झाला. दावा ३५० रुपयांचा. १८६१ साली तिथल्या न्यायालयानं म्हटलं, गोदी काय कुणीही चालवेल, तेव्हा सरकारनं पैसे द्यावेत. सार्वभौम अधिकारातलं काम असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे घोड्याच्या मालकाला भरपाई मिळाली आणि त्याच निकालातल्या वाक्याच्या आधारे शंभर वर्षांनी सोन्याच्या मालकाला नाकारली गेली.

गजेंद्रगडकरांना हे खटकत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. ही स्थिती समाधानकारक नाही, संसदेनं कायदा करावा, असं त्यांनी निकालातच लिहिलं. विधी आयोगानं १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात हेच सांगितलं होतं. खुद्द इंग्लंडनं राजसत्तेचं हे कवच १९४७ साली कायदा करून काढून टाकलं होतं. ज्या वर्षी मेरठचं सोनं गेलं, त्याच वर्षी. आपल्याकडे १९६७ मध्ये लोकसभेत विधेयक आलं आणि मंजूर न होताच विरून गेलं. निकालाबद्दल माझं मत विचाराल तर, खटकत असूनही पूर्वीच्या वाक्याला इतकं बांधून घ्यायची गरज नव्हती. पण मी न्यायाधीश नाही.

दार उघडलं ते दुसऱ्या एका मराठी सरन्यायाधीशांनी, आणि तेही बाजूचं. बिहारमधला रुदुल शाह १९६८ च्या जूनमध्ये निर्दोष सुटला होता. तुरुंगातून तो प्रत्यक्ष बाहेर आला १९८२ च्या ऑक्टोबरात. चौदा वर्षं! यशवंत चंद्रचूडांच्या खंडपीठानं १९८३ मध्ये त्याला एकूण ३५,००० रुपये द्यायला लावले. दिवाणी दाव्यानं नव्हे, तर थेट मूलभूत हक्कांच्या याचिकेवर. कस्तुरीलालला हात न लावता वळसा घातला. आणीबाणीत नागरिकाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचं दार बंद आहे, असं म्हणणाऱ्या बहुमतात हेच चंद्रचूड होते. ह्याला प्रायश्चित्त म्हणावं असं मला वाटतं. अर्थात, हा माझा अंदाज.

मग ओरिसातल्या नीलाबती बेहेरांचं पत्र. त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी १ डिसेंबर १९८७ ला चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी तो रेल्वेमार्गावर मृतावस्थेत सापडला. पोलीस म्हणाले, पळून गेला आणि गाडीखाली आला. न्यायालयानं ते मानलं नाही. १९९३ च्या निकालानं दीड लाख रुपये दिले आणि स्पष्ट केलं की मूलभूत हक्क मोडल्यावर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही.

इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं की मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर वाचतो आहे. सरकार पैसे देतं, पण ते कुणाचे? त्या आईनं साखर घेताना भरलेल्या कराचा अंशही त्यातच. ज्यानं मारलं त्याच्या खिशाला भोक पडत नाही. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचं मूल गेलं, त्या प्रकरणात ७५,००० रुपये देताना न्यायालयानं म्हटलं होतं की प्रशासन ही रक्कम संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करू शकतं. 'करू शकतं', 'करावी' नव्हे. फौजदारी खटल्याच्या वाटेवर सरकारच्या मंजुरीचं फाटक आडवं येऊ शकतं. नव्या संहितेत कलम २१८ नं त्याला १२० दिवसांची मुदत घातली, ही सुधारणा खरी. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर मात्र आपण १९९७ मध्ये सही केली आणि तो कायम करायचं राहूनच गेलं. २०१० चं छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेच्या समितीत गेलं, आणि तिथून कायदा होऊन बाहेर आलं नाही.

एक गोष्ट मी सुरुवातीला सांगितली नाही. गाडी ताब्यात देताना हवालदारांनी एक कागद पुढे केला. मजकूर त्यांनीच लिहून ठेवला होता: वाहन सुस्थितीत मिळाले, माझी काही तक्रार नाही. माझ्या हातात पंचनामा होता, खिशात पेन होतं, आणि ऑफिसला उशीर होत होता. शिवाय घर त्याच ठाण्याच्या हद्दीत. मी सही केली. खाली तारीखही घातली. मग गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेली.