लुटीचा हिस्सा आणि लग्नाचा मुहूर्त

इ. स. १७६२ च्या मे महिन्यात, पेरूतील लिमाहून सोन्यारुप्याची नाणी भरून कादिझ बंदराकडे परतणारे ‘हर्मायनी’ हे स्पॅनिश जहाज, इंग्लंड व स्पेन यांच्यात काही महिन्यांपूर्वीच युद्ध पुकारले गेल्याची वार्ता त्याच्या कप्तानास पोहोचलेली नसल्यामुळे, ‘अ‍ॅक्टिव्ह’ व ‘फेव्हरिट’ या दोन इंग्रज लढाऊ जहाजांच्या हाती जवळजवळ विनासायास लागले. त्यावरील ऐवज लंडनच्या रस्त्यांतून वीस गाड्यांत भरून वाजतगाजत किल्ल्यात नेण्यात आला, तो दिवस नेमका युवराजाच्या जन्माचा. आणि हिशेब पुरा झाला तेव्हा एकूण रक्कम पाच लाख एकोणीस हजार पौंडांच्या वर भरली. दोन्ही कप्तानांच्या वाट्यास प्रत्येकी सुमारे पासष्ट हजार पौंड आले. साध्या खलाशासही चारशे ऐंशीच्या वर मिळाले, म्हणजे एरवी त्याने जन्मभर डोलकाठ्या चढूनही जे गाठीस बांधले नसते ते त्यास एका सकाळीत लाभले. या दोघा कप्तानांविषयी, हर्बर्ट सॉयर व फिलेमन पौनॉल यांच्याविषयी, एक हकीकत नाविक परंपरेत सांगत आले आहेत. लिस्बन येथील एका व्यापाऱ्याच्या दोन कन्यांवर या दोघांचे प्रेम होते, परंतु निव्वळ पगारावर जगणारे जावई त्या गृहस्थास पसंत नव्हते. ‘हर्मायनी’ पाडाव झाली आणि पसंती फिरली. पौनॉलने पुढे डेव्हनमध्ये शार्पम येथे इमारत उठवली, व १७८० साली ‘अपोलो’ जहाजावर लढता लढता तो मारला गेला.

ही हकीकत गोड आहे खरी, पण तिचे मर्म तिच्या गोडव्यात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेपोलियनच्या पाडावापर्यंत इंग्रज आरमारात चाकरी करणाऱ्या माणसाचे लग्न जमणे, मोडणे आणि मोडलेले पुन्हा जुळणे या तिन्ही गोष्टी, कवींनी त्यांचे श्रेय हृदयाच्या निष्ठेस कितीही दिले तरी, प्रत्यक्षात एका सरकारी दफ्तरावर अवलंबून होत्या, असे माझे मत आहे. पाडाव केलेले जहाज बंदरात आणावयाचे, आरमारी न्यायालयाने ते कायदेशीर लूट ठरवावयाचे, मग लिलाव, मग दलालाचे कमिशन, आणि मग उरलेल्या रकमेचे आठ भाग. या आठांपैकी तीन भाग कप्तानाचे. मात्र त्याच्यावर एखादा आरमारप्रमुख असेल तर त्यांतील एक भाग त्या वरिष्ठाचा, मग तो वरिष्ठ त्या वेळी शेकडो मैल दूर मेजवानीस बसलेला का असेना. १८०८ साली फर्मान बदलले, कप्तानाचे भाग दोनांवर आले व खालच्या लोकांचे वाढले. त्यानंतरही तरुण कप्तानाच्या कपाळी भाग्य असेल तर ते तेथेच होते, वेतनात नव्हते.

मराठी वाचकास ही पद्धत सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह हे पेशव्यांचे दोस्त म्हणून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेले, तेव्हा मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी सभा भरवून लुटीत कोणाचा हिस्सा किती हे आपसांत ठरवून टाकले होते. आणि किल्ला हाती आल्यावर सुमारे दहा लाखांचा ऐवज त्या ठरावानुसार वाटला गेला, दोस्तांस त्यातील कवडीही न पोहोचता. कोकणच्या त्या संपत्तीवर इंग्लंडातील कोणकोणत्या घरी चौघडे वाजले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवला असता तर तो वाचनीय झाला असता.

या व्यवस्थेची दोन तोंडे एकाच कुटुंबात पाहावयास मिळतात, आणि ते कुटुंब म्हणजे कादंबरीकर्ती जेन ऑस्टिन हिचे. तिची बहीण कॅसॅन्ड्रा हिचे लग्न टॉम फाउल या तरुण धर्मोपदेशकाशी ठरले होते; संसार मांडण्यापुरता पैसा नव्हता म्हणून तो लॉर्ड क्रेव्हन याच्या पलटणीबरोबर वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ साली तेथेच तापाने वारला. हा तरुण वाग्दत्त आहे हे कळते तर त्यास त्या रोगट मुलखात नेलेच नसते, असे क्रेव्हन मागाहून म्हणाला म्हणतात. कॅसॅन्ड्राने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. उलट भाऊ फ्रान्सिस हा आरमारात कप्तान. १८०४ साली रॅम्सगेट येथे तैनातीवर असताना मेरी गिब्सन हिच्याशी त्याचा विवाह ठरला आणि पैशाअभावी लांबला. ‘कॅनोपस’ जहाज रसद व पाणी भरण्यासाठी दूर गेल्याने ट्रॅफल्गारची लढाई त्याच्या हातून हुकली व त्याचा त्यास फार विषाद वाटला. परंतु १८०६ च्या फेब्रुवारीत सँटो डोमिंगोच्या लढाईत तो होता, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याचे लग्न झाले. त्याच समुद्राने बहिणीचा वर नेला होता व भावास वधू दिली होती.

‘पर्स्वेशन’ ही कादंबरी हातात घेतली म्हणजे तीत हेच दफ्तर उघडलेले दिसते. तीतील फ्रेडरिक वेंटवर्थ हाही सँटो डोमिंगोच्या लढाईनंतर बढती मिळालेला, १८०६ चाच, पण जहाज नसलेला व पैसा नसलेला तरुण अधिकारी. अ‍ॅन इलियट हिच्याशी ठरलेला त्याचा विवाह घरच्यांच्या थंड अनिच्छेमुळे व एका वडीलधाऱ्या स्नेहिणीच्या सल्ल्यामुळे मोडतो, आणि आठ वर्षांनी तो परततो तो पंचवीस हजार पौंडांचा धनी होऊन. लेखिकेने त्याला एका ठिकाणी मोठ्या मार्मिकपणे कबूल करावयास लावले आहे की, दोनच वर्षांत आपल्या हाती काही हजार पौंड व मोठे जहाज आले होते, त्या वेळी एक पत्र धाडले असते तर सहा वर्षांचा वियोग टळला असता. ते त्याने धाडले नाही ते अभिमानापोटी. येथे मात्र दफ्तराचा दोष नाही. टपालाचा तर मुळीच नाही: १७९५ पासून सामान्य खलाशासही एका पेनीत पत्र पाठवण्याची सवलत होती, अधिकाऱ्यांना ती नसली तरी कप्तानाला हशील परवडत नव्हते असे कोण म्हणेल? लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्याच कादंबरीतील आरमारप्रमुख क्रॉफ्ट यांची पत्नी नवऱ्याबरोबर जहाजावर राहून अनेकदा अटलांटिक ओलांडून आलेली आहे, व तिला त्याचा कोण अभिमान! हेही हवेतून आलेले नाही. जेनचा धाकटा भाऊ चार्ल्स याची पत्नी फॅनी पामर, बर्म्युडाची, १८०७ साली सतरा वर्षांची असताना विवाहित झालेली, मुलांसह शीअरनेस येथे नांगरलेल्या ‘नामूर’ जहाजावर संसार करीत होती. १८१४ च्या सप्टेंबरात तेथेच बाळंतपणात ती गेली. आरमाराचे लेखी नियम स्त्रियांस जहाजावर घेण्याच्या विरुद्ध होते, पण तोफखान्याचा मुख्य, सुतार, बोसन अशांच्या बायका वहिवाटीने जहाजावर राहत, आणि वरिष्ठ तिकडे डोळेझाक करीत. १७९८ च्या नाईलच्या लढाईत ‘गोलायथ’ जहाजावर अशा बायकांनी दारू वाहिली, जखमींची शुश्रूषा केली. लढाईत ज्यांचे नवरे पडले अशा चौघींची नावे त्यानंतर शिधापत्रकावर चढवली गेली, कारण शिधा देण्यासाठी नाव लागते; शौर्य नोंदवण्यासाठी ते लागले नसावे. पुढे १८४७ साली जुन्या लढायांसाठी पदक जाहीर झाले, तेव्हा नाईलला असलेल्या दोघी व ट्रॅफल्गारला ‘डिफायन्स’वर असलेली जेन टाउनशेंड यांनी रीतसर अर्ज केले. ते फेटाळण्यात आले. एकीस दिले तर असंख्य अर्ज येतील, अशी कारणमीमांसा देण्यात आली. म्हणजे अशा स्त्रिया असंख्य होत्या, एवढे तरी सरकारने लेखी मान्य केले.

१८१५ नंतर शांतता झाली आणि सुमारे एक लाख चाळीस हजारांचे आरमार दोनच वर्षांत वीस हजारांच्या आत आले. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागवानी लाकडाची ‘मिंडेन’ १८१० साली व ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली बांधली खरी, पण दुसरी पाण्यात उतरली तेव्हा तिच्यासाठी शत्रूच उरला नव्हता. हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर किनाऱ्याला लागले, आणि लुटीच्या भरवशावर वाट पाहणाऱ्यांचा भरवसा कायमचा तुटला. फ्रान्सिस ऑस्टिनही त्यांतलाच. १८१४ नंतर तीस वर्षे त्याला समुद्रावरील नेमणूक मिळाली नाही. अकरा मुलांची आई झालेली मेरी १८२३ साली वारली. आणि मग १८२८ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्याने मार्था लॉइड हिच्याशी लग्न केले. ही बासष्ट वर्षांची होती. ऑस्टिन भगिनींबरोबर एकाच घरी वर्षानुवर्षे राहिलेली, जेनची जिवलग मैत्रीण, आणि फ्रान्सिसने तिच्याशीच लग्न करावे अशी जेनची इच्छा मेरी गिब्सनचे नाव घरात ऐकू येण्यापूर्वीपासूनची. त्या दोघांच्या मनात तारुण्यात काय होते हे त्यांनी कागदावर ठेवले नाही, म्हणून मीही त्यास प्रीतीची पुनर्भेट म्हणण्याचे धाडस करीत नाही. एवढेच म्हणतो की, या खेपेस ना लूट होती ना न्यायालय, ना मुहूर्त कोणत्या लिलावासाठी अडून होता. १८३७ साली फ्रान्सिसला सरदारकी मिळाली व मार्था लेडी ऑस्टिन झाली. १८४३ साली ती वारली. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, सत्तरीतील त्या विधुराला उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या आरमाराचे प्रमुखपद देऊन सरकारने पुन्हा समुद्रावर धाडले.