बुलढाणा जिल्हा आणि वेगळ्या विदर्भाचा प्रश्न

विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून बाहेर पडून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याने महाराष्ट्रात राहावे की स्वतंत्र राज्य व्हावे, या वादाचा बुलढाणा जिल्ह्याच्या राजकारणावर व अर्थकारणावर झालेला परिणाम या नोंदीत दिला आहे. बुलढाणा हा अमरावती विभागातील, विदर्भाच्या पश्चिम टोकाचा जिल्हा. क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी.; लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११); तालुके १३. उत्तरेस मध्य प्रदेश, पश्चिमेस खानदेश व मराठवाडा, दक्षिणेस मराठवाडा आणि पूर्वेस अकोला व वाशीम हे जिल्हे. १८५३ ते १९६० या काळात येथील राज्यव्यवस्था चार वेळा बदलली. एकदाही मतदारांचा थेट कौल घेतला गेला नाही. प्रत्येक बदल तह, करार किंवा कायदा यांच्या आधारे झाला. आश्वासने पाळली जातील की नाही ही धाकधूक त्यामुळे कायम राहिली, आणि वेगळ्या राज्याची मागणी तिच्यावरच पोसली गेली.

पार्श्वभूमी : हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या रकमेसाठी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड, म्हणजे बुलढाण्यासह पश्चिम विदर्भ, ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. १९०५ च्या फेररचनेत अकोला जिल्ह्यातील खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्याला मिळाले. घाटावरचा डोंगराळ मुलूख आणि घाटाखालचा पूर्णा खोऱ्यातला काळ्या जमिनीचा, कपाशीचा मुलूख असे जिल्ह्याचे दोन भाग त्यानंतर ठळक झाले.

मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत द्विभाषिक होता. हिंदी भाषक जिल्ह्यांचा खर्च वऱ्हाडच्या कापसावर आणि शेतसाऱ्यावर भागतो, ही वऱ्हाडातील जुनी तक्रार. मराठी भाषक जिल्ह्यांचा वेगळा महाविदर्भ प्रांत करावा, असा ठराव प्रांतिक विधानसभेने १९३८ मध्ये संमत केला. आज महाराष्ट्राविरुद्ध केली जाणारी तक्रार आधी याच शब्दांत मध्य प्रांताविरुद्ध होती.

१९४७ मधील पेच : ब्रिटिश सत्ता संपताच संस्थानांशी झालेले करारही संपणार होते. वऱ्हाडवर निजामाची मालकी कागदोपत्री अबाधित असल्याने तो परत हैदराबादकडे जाणार का, हा प्रश्न उभा राहिला. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. बुलढाण्याची दक्षिण सीमा थेट निजामाच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांना भिडलेली असल्याने हा पेच येथे केवळ कायद्यापुरता नव्हता. याच पार्श्वभूमीवर ८ ऑगस्ट १९४७ रोजी शंकरराव देव आणि वऱ्हाडातील नेते यांच्यात अकोला करार झाला. एक मराठी प्रांत, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत आणि त्यांना स्वतंत्र विधिमंडळे, ही त्यातील मुख्य कल्पना. ती अमलात आली नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबादचा धोका संपला. वऱ्हाड पूर्वीच्याच प्रांतात राहिला आणि १९५० मध्ये त्या प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले. राजधानी नागपूरच होती.

नागपूर करार व राज्य पुनर्रचना आयोग : २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांतांची कल्पना मागे पडली आणि तिच्या जागी हमी आल्या. विकासासाठी महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित प्रदेश हे तीन घटक मानावेत. त्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यावा आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरवावे. सरकारी नोकऱ्या व तांत्रिक शिक्षणातील जागा यांतही प्रमाण राखावे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात असावे आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन तेथे भरावे, अशी कलमे त्यात होती.

तीनच महिन्यांनी नेमलेल्या, फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात वेगळी शिफारस केली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, यवतमाळ, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य आयोगाने सुचवले. केंद्र सरकारने ही शिफारस स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. करारातील निधीवाटपाचे सूत्र सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ (२) या अनुच्छेदात आले. मात्र विकास मंडळे स्थापण्याची सक्ती त्यात नव्हती. तो अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशावर सोडलेला होता.

संक्रमणकाळ : राज्य एका दिवसात बदलले, तरी कायदे बदलायला दशक लागले. कुळांसाठी विदर्भापुरता वेगळा मुंबई कूळवहिवाट कायदा १९५८ मध्ये झाला. जनपद सभा या जुन्या स्थानिक संस्था १९६२ पर्यंत चालल्या आणि नंतर त्यांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये मंजूर होऊन पुढच्या वर्षी लागू झाली, तेव्हा कुठे घाटावरच्या चिखलीला आणि शेजारच्या मराठवाड्यातील भोकरदनला जमीन महसुलाचा एकच कायदा आला. उच्च शिक्षणासाठी जिल्हा आधी नागपूर विद्यापीठाकडे होता; १९८३ मध्ये तो नव्या अमरावती विद्यापीठाकडे गेला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झाले. सर्वांत मोठा फटका नागपूरला बसला, कारण त्याची राजधानी गेली. बुलढाण्याला राजधानी आधीही लांब होती आणि नंतरही लांबच राहिली. पूर्व आणि पश्चिम विदर्भाच्या भूमिकांतील फरकाचे एक कारण येथे आहे.

कापूस आणि राज्याची सीमा : राज्य बदलल्याने शेतकऱ्याच्या व्यवहारात काय फरक पडतो, हे एकाधिकार कापूस खरेदी योजनेत सर्वांत स्पष्ट दिसले. खामगावची कापूस बाजारपेठ एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला तो या कापसासाठीच. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस खरेदीचा हक्क फक्त सरकारकडे आला. हंगामात संकलन केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. माल आणल्यावर ग्रेडरने प्रत ठरवायची, मग वजन आणि मग चुकारा. त्यातून भांडवल निधीसाठी तीन टक्के कपात होई आणि नफा उरला तर पुढे वाढीव हप्ता मिळे. बाहेर भाव पडलेले असत तेव्हा ही योजना आधार ठरे. भाव चढले की राज्याची हद्द हीच भावाची हद्द होई आणि सीमेवरच्या जिल्ह्यांतून कापूस चोरवाटेने परराज्यांत जाई. २००२ पासून खाजगी खरेदीला वाट मिळाली आणि एकाधिकार संपला.

दरम्यान चिखली, मेहकर भागात सोयाबीनने कपाशीची जागा घेतली; बाजारभावाची टांगती तलवार मात्र गेली नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता.

अनुशेष : नागपूर करारातील हमी किती पाळल्या गेल्या याचा हिशेब या शब्दाखाली मांडला जातो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के होता. ३७१ (२) अन्वये वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली. तरतूद आणि अंमल यांत ३८ वर्षे गेली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये समतोल प्रादेशिक विकासाचा अहवाल दिला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

सिंचनाच्या अनुशेषात अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा ही नावे सतत येत राहिली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागते. पिण्यासाठी ते चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. त्यामुळे येथे धरणाच्या पाण्याला पर्याय नाही. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर उभारला जाणारा जिगाव प्रकल्प यासाठीच आहे. १९९० च्या दशकात मान्यता मिळालेल्या या प्रकल्पाची किंमत अनेक पटींनी वाढली आणि पुनर्वसनाची वाट पाहण्यात गावांची वर्षे गेली. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणीही ब्रिटिश काळापासूनची आहे. ती नागपूरच्या राजवटीत पूर्ण झाली नाही आणि मुंबईच्याही नाही. वेगळ्या राज्याच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही हे उदाहरण देतात.

राजकीय भूमिका : बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांनी सुरुवातीच्या काळात, तर जांबुवंतराव धोटे यांनी सत्तरच्या दशकात ही मागणी पुढे रेटली. वऱ्हाडातील पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात मागणीची धार काहीशी बोथट झाली. भारतीय जनता पक्षाने १९९७ च्या भुवनेश्वर येथील ठरावात छोट्या राज्यांबरोबर विदर्भालाही पाठिंबा दिला. शिवसेनेने अखंड महाराष्ट्राची भूमिका घेतली.

बुलढाण्याचा कल निवडणुकांतून दिसतो. लोकसभेच्या या मतदारसंघात १९९६ पासून १९९८ चा अपवाद वगळता शिवसेनेचे आनंदराव अडसूळ आणि नंतर प्रतापराव जाधव निवडून आले. अखंड महाराष्ट्रवादी पक्षाला विदर्भातील मतदारसंघ इतका काळ साथ देतो, याची कारणे जातीपातीच्या आणि स्थानिक राजकारणात आहेत, तशी भूगोलातही आहेत. घाटावरच्या माणसाचे दवाखान्याचे, शिक्षणाचे आणि सोयरिकीचे संबंध जालना व छत्रपती संभाजीनगरकडे अधिक. जिल्ह्याच्या ठिकाणाहून संभाजीनगर नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान असल्याने महाराष्ट्राशी असलेले नातेही येथे भावनेचे आहे. शिवाय कोळसा, वीज आणि जंगल ही स्वतंत्र राज्याची मानली जाणारी मिळकत मुख्यतः पूर्व विदर्भात आहे. उद्या विदर्भ वेगळा झाला तर नागपूरही आपल्याला मुंबईसारखेच वागवील, हा आक्षेप पश्चिम विदर्भात म्हणूनच ऐकू येतो.

जनमताचा प्रश्न : भारतीय राज्यघटनेत संघातून फुटून निघण्याचा हक्क कोणत्याही राज्याला नाही. नवे राज्य अनुच्छेद ३ नुसार संसद निर्माण करते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. लोकांच्या मतदानाची तर तरतूदच नाही. २०१४ मध्ये तेलंगण याच मार्गाने झाले. मराठी मुलखालगतचा अपवाद गोव्याचा. खास कायदा करून १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाचा वाद तेथे मिटला.

कौल घेतला म्हणजे अनिश्चितता संपतेच असे नाही. ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला, पौंड घसरला आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडले. मतपत्रिकेवर ‘राहावे की जावे’ एवढेच होते. व्यापार आणि सीमा यांच्या अटी नंतर ठरायच्या होत्या. विदर्भात उलट घडले. कर्जाची वाटणी, पाणी, वीज, नोकरवर्ग या अटींची चर्चा सत्तर वर्षे झाली, पण प्रश्न मतदारांपुढे आला नाही. नागपूरच्या जनमंच या संस्थेने विदर्भातील काही शहरांत जनमत चाचण्या घेतल्या. त्यांत वेगळ्या राज्याला मोठा कौल मिळाला, परंतु त्या अनौपचारिक होत्या. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भाबाबत जनमत घेण्याची मागणी केली होती. स्वतंत्र मराठवाड्याबाबतच्या वक्तव्यावरून वाद पेटल्यावर मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडले.

सद्यस्थिती : समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो, त्यामुळे घाटावरून नागपूर आणि मुंबई दोन्हीकडचा प्रवास सोपा झाला आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरण्याची प्रथा कोविडकाळासारखे खंड वगळता चालू आहे. वेगळ्या विदर्भाची मागणी अधिवेशनाच्या सुमारास वर येते आणि नंतर मागे पडते. बुलढाण्यात आंदोलने होतात ती सोयाबीन-कापसाचा भाव, पीक विमा आणि जिगावचे पाणी यांसाठी. राज्य कोणते, यापेक्षा करारात लिहिलेला वाटा कधी मिळणार, हा येथील मतदाराचा प्रश्न राहिला आहे. स्वतंत्र राज्याच्या बाजूने वा विरोधात मांडणी करणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याचे उत्तर द्यावे लागते.