यंत्रसाहचर्य आणि लेखकाचे स्थान

‘लेखक’ ही संकल्पना समीक्षाव्यवहारात कधीच स्थिर नव्हती. रोमँटिक परंपरेने लेखकाला निर्मितीचा एकमेव उगम मानले. उत्तर-संरचनावादी विचाराने त्याला संकेतव्यूहातील एक स्थान ठरवले. वाक्ये रचणारे यंत्र प्रत्यक्ष लेखनात सहभागी झाले, तेव्हा या तात्त्विक वादाला प्रयोगाचे रूप आले. या प्रयोगांचा इतिहास यंत्राच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. लेखकाच्या कार्याचे त्यात कसे स्थलांतर होत गेले, हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.

आरंभ काहीसा विनोदाच्या अंगाने झाला. १९५२ मध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टर विद्यापीठातील संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. विशेषणे, नामे, क्रियापदे यांच्या याद्यांतून यंत्र यदृच्छेने शब्द उचली व ते ठरीव साच्यात बसवी. १९५९ मध्ये थिओ लुट्झ यांनी स्टुटगार्ट येथे त्सूझे झेड-२२ या यंत्रावर काफ्काच्या ‘द कॅसल’मधील शब्द घेऊन वाक्ये जुळवली. दोन्ही ठिकाणी शब्दसंग्रह आणि साचा मानवी होता. यंत्राची होती ती केवळ यदृच्छा. १९८४ मध्ये ‘रॅक्टर’ या प्रणालीच्या नावावर ‘द पोलिसमन्स बिअर्ड इज हाफ कन्स्ट्रक्टेड’ हे पुस्तक निघाले आणि ते संगणकाने लिहिलेले पहिले पुस्तक म्हणून पुढे करण्यात आले. परंतु विल्यम चेंबरलेन व थॉमस एटर या प्रणालीकारांनी पुरवलेल्या साच्यांचा वाटा त्यात मोठा असल्याचे पुढे दाखवून देण्यात आले. यंत्राच्या कर्तृत्वाची घोषणा करताना येथे माणसाचे कर्तृत्व झाकले गेले होते.

या घडामोडींचा सैद्धांतिक अन्वय इटालो काल्व्हिनो यांनी १९६७ च्या ‘सायबरनेटिक्स आणि भुते’ या व्याख्यानात लावला. साहित्य हा मूलतः मर्यादित घटकांच्या जुळणीचा खेळ असेल, तर तो यंत्रही खेळू शकेल, हे त्यांनी मान्य केले. मात्र असंख्य जुळण्यांपैकी एखादीच अर्थाने भारून उठते, ती नेणीव असलेल्या आणि इतिहासात जगणाऱ्या माणसावर होणाऱ्या परिणामामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेखक लोपला तरी वाचक उरतो, हा त्याचा निष्कर्ष.

या सिद्धांताची खरी कसोटी वौहिनी वारा यांच्या ‘घोस्ट्स’ (२०२१) या निबंधात लागते. बहिणीच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूविषयी लिहिणे त्यांना अनेक वर्षे साधले नव्हते. त्यांनी जीपीटी-३ या भाषाप्रतिमानाला आरंभीचे वाक्य दिले व पुढील मजकूर त्याच्याकडून घेतला. असे नऊ वेळा झाले. प्रत्येक वेळी त्यांचा स्वतःचा मजकूर वाढत गेला आणि तो ठळक अक्षरांत वेगळा दाखवला गेला. पहिल्या आवृत्तीत यंत्राने बहिणीला बरे करून टाकले. प्रचलित कथनांच्या राशीतून संभाव्य शब्द काढणाऱ्या प्रणालीला सुखान्ताचा मोह पडावा, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या खोट्या सुखान्ताला नकार देण्यासाठी लेखिकेला पुढचे सत्य वाक्य लिहावे लागले. निबंधाची रचना अशा नकारांच्या क्रमातून सिद्ध झाली आहे. त्यातील काही उत्कृष्ट ओळी यंत्राने लिहिल्याचे लेखिकेने पुढे मोकळेपणाने सांगितले. काल्व्हिनोंचा वाचक येथे संहितेच्या बाहेर उभा नाही. लेखिका हीच यंत्राची पहिली वाचक आहे, आणि शोक हा तिच्या वाचनाचा निकष आहे.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन कारणे सांगितली, पण ती मिळून काव्याचा हेतू एकच, असे मानले. प्रतिमानाने पचवलेल्या अफाट ग्रंथराशीला कोणी निपुणता म्हणेल, त्याच्या प्रशिक्षणाला अभ्यास म्हणेल, आणि उरलेली शक्ती तेवढी माणसाची, अशी वाटणी करील. मम्मटाचा एकवचनी हेतू या वाटणीला वाव देत नाही. शोकाचा अनुभव नसलेल्या यंत्राची ओळ वारांच्या निबंधात खरी ठरते, ती तिच्या आधी व नंतर लेखिकेने जे लिहिले त्याच्या बळावर. निबंधातून वेगळी काढली, तर ती केवळ एक संभाव्य वाक्य उरते.

जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळालेल्या जपानी लेखिका रिए कुदान यांनी आपल्या कादंबरीत सुमारे ५ टक्के मजकूर चॅटजीपीटीचा जसाच्या तसा असल्याचे सांगितले, तेव्हा चर्चा त्या टक्केवारीभोवतीच फिरली. कादंबरीतील कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेल्या उत्तरांपुरता तो वापर होता, हा खुलासा मागे पडला. वास्तविक समीक्षेच्या दृष्टीने हा खुलासाच निर्णायक आहे. कारण परकी वाणी परकी म्हणून योजणे हे कादंबरीकाराचे जुनेच कार्य होय. शब्द कोणी पुरवले, हा प्रश्न हिशेबाचा आहे. तो शब्द ठेवण्याचे वा नाकारण्याचे उत्तरदायित्व कोणी घेतले, या प्रश्नापाशी लेखकाचे स्थान निश्चित होते. यंत्रसाहचर्याच्या सात दशकांत ते उत्तरदायित्व एकदाही यंत्राकडे गेलेले दिसत नाही. फार तर कधी लपवले गेले, तर कधी ठळक अक्षरांत दाखवले गेले.