सड्यावरची रेघ

गड म्हटलं की आम्हा लोट्याच्या बायकांना आपल्या खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड आठवतात. तिथे तट आहेत, बुरूज आहेत, म्हणून तिथे इतिहास आहे असं आपण धरून चालतो. आणि ज्या सड्यावर गुरं सोडतो, गवत कापतो, तो सातबाऱ्यावर नुसता पोटखराबा.

पण या गडांच्या हजारो वर्षं आधीचं काम आपल्या जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर आहे. त्याला कातळशिल्पं म्हणतात. रत्नागिरीजवळ उक्षीला जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. आपली दोन-तीन घरं सहज मावतील एवढा! त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी नि मासे कोरलेत. बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस उभा आहे. काही ठिकाणी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही. नांगर, बैलजोडी, पेरणी मात्र या चित्रांत नाही. म्हणून अभ्यासक म्हणतात, ही माणसं शेती येण्याआधीची, शिकार आणि मासेमारी करणारी असावीत.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडे तुडवत ही चित्रं शोधली. त्यांना वाट दाखवली ती बऱ्याचदा गावच्याच माणसांनी. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीच्या हत्तीभोवती तर आता चिऱ्याची भिंत आहे. सगळ्याच चित्रांच्या नशिबी अशी भिंत नाही.

आमच्या गटातल्या एका वहिनीकडे वैशाखात भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. माहेरचा सडा चिरेखाणीला द्यायचा होता. वडिलांच्या जमिनीत मुलीचाही हिस्सा असतो, म्हणून तिची सही हवी. ती म्हणाली, "आधी सडा बघून येऊ." आम्ही सहाजणी खराटे घेऊन गेलो. माती नि सुकलेलं गवत झाडलं, तेव्हा बोटभर खोल रेघ वर आली. रेघेमागून गेलो तर मासा! वहिनी मटकन खालीच बसली. लहानपणी याच रेघांत ती चिंचोके खेळायची.

शेपटी नव्हती. शेजारच्या खाणीचं मशीन हद्द ओलांडून तिथवर आलं होतं, आणि कापलेले चिरे कधीच कुणाच्या तरी जोत्यात गेले होते.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा कागद आला तर सही करण्याआधी सड्यावर एक फेरी मारा. पहिल्या पावसानंतर रेघांत पाणी साचतं, तेव्हा चित्र चांगलं दिसतं. फोटोसाठी त्यात चुना किंवा रंग भरू नका. ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

वहिनीने पोच घेतली आहे. ती आणि भावाचा कागद, दोन्ही तिच्या तांदळाच्या डब्यात आहेत. भाऊ गणपतीला यायचाय.