किरणोत्सारी आयोडीन आणि मातृत्वाचा प्रश्न

१/ डिसेंबर १९४६. ७ तारखेला अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सॅम्युएल सीडलिन व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला : शरीरात पसरलेल्या थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार. त्याच महिन्यात हर्मन म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांनी आनुवंशिक गुणधर्म बदलतात, हे त्यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले होते. एकीकडे आशा, दुसरीकडे इशारा. या दोहोंच्या मध्ये उभ्या राहिल्या तरुण स्त्रिया.

२/ थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते. मग आयोडीनच किरणोत्सारी करता येईल का? १२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमधील एका व्याख्यानानंतर डॉ. सॉल हर्ट्झ यांनी हा प्रश्न विचारला. १९३८ मध्ये सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांना आयोडीन-१३१ सापडले. त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी अतिसक्रिय थायरॉइडच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीन प्रथम वापरले.

३/ सीडलिन यांचा न्यूयॉर्कमधील रुग्ण विलक्षण होता. थायरॉइड काढून टाकलेली, तरीही शरीरात तिच्या संप्रेरकाचा अतिरेक! कारण इतरत्र पसरलेल्या गाठीच ते संप्रेरक तयार करीत होत्या. अर्थात त्या आयोडीनही शोषत होत्या. १९४३ मध्ये उपचार सुरू झाला.

४/ १९४६ पासून ओक रिजच्या अणुभट्टीतून समस्थानिके रुग्णालयांना मिळू लागली आणि उपचार जगभर पसरला. मुंबईत परळला १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले.

५/ हा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो, आणि तोही अनेकदा ऐन प्रजननक्षम वयात. उरलेले आयोडीन मूत्रावाटे बाहेर पडते, काही अंश आतड्यांत जातो. बीजांडकोश या दोहोंच्या शेजारी. त्यातील बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला, नवी भर नाही. मग ‘जीव वाचला, पण मूल होईल का? झाले तर निरोगी असेल का?’ ही शंका भाबडी नव्हती.

६/ तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी वर्षे जावी लागणार होती. १९७६ मध्ये मिशिगन विद्यापीठाने बालपणी व किशोरवयात हा उपचार घेतलेल्या ३३ जणांची माहिती प्रसिद्ध केली. पाठपुरावा सरासरी १८.७ वर्षांचा. वंध्यत्व, गर्भपात आणि जन्मजात व्यंगांचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा लक्षणीय वेगळे नव्हते.

७/ २००८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी २,६७३ गर्भधारणांचा अभ्यास मांडला. या उपचाराने पुढील गर्भधारणांना अपाय होतो, असा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी टोरांटोच्या अ‍ॅना सावका व सहकाऱ्यांनी १६ निबंधांतील ३,०२३ स्त्रियांची माहिती एकत्र केली. पहिल्या वर्षात ८ ते २७ टक्के स्त्रियांची पाळी तात्पुरती थांबली होती आणि रजोनिवृत्ती किंचित लवकर आली होती. दीर्घकालीन वंध्यत्व मात्र लक्षणीयरीत्या वाढले नव्हते.

८/ म्हणजे म्युलर यांचा इशारा व्यर्थ होता का? मुळीच नाही. गर्भवतीला हे औषध देत नाहीत, कारण ते वार ओलांडते आणि साधारण दहा-बारा आठवड्यांनंतर गर्भाची थायरॉइडही आयोडीन ओढू लागते. त्यापूर्वी स्तनपान थांबवावे लागते. उपचारानंतर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. ही शिस्त त्या भीतीनेच घडवली.

९/ २०२२ मध्ये एका फ्रेंच चाचणीने दाखवले की, कमी जोखमीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर हे औषध न देता केवळ देखरेख ठेवली, तरी तीन वर्षांतील परिणाम कमी प्रतीचे ठरत नाहीत. औषध शोधायला दहा वर्षे लागली. ते कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे कळायला पाऊण शतक. त्या शहाणपणामागे असंख्य अनाम स्त्रिया आहेत. वर्षानुवर्षे त्यांनी आपल्या पाळीची, गर्भपातांची आणि बाळांची माहिती संशोधकांच्या हाती दिली. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. आहेत ते फक्त आकडे. ते आकडे वाचताना एवढे तरी स्मरावे.